लाइक हजार, साइट एक : इंटिरियर व्यवसायाविषयी वाचकांचे प्रश्न

लघुउद्योजकांसाठीच्या या सदरात या वेळी इंटिरियर डिझाइनच्या व्यवसायातील वाचकांची पत्रे घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे : काम चांगले होते, ते मोबाइलवर दाखवलेही जाते, पण दाखवण्यातून नवे काम येत नाही. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

मी नऊ वर्षांपासून घरांचे इंटिरियर करते. इन्स्टाग्रामवर माझे अकरा हजार फॉलोअर आहेत, रील्सना भरपूर लाइक येतात; मात्र वर्षभरात तेथून काम मिळाले ते एकच, तेही मैत्रिणीच्या नणंदेचे. विचारणा येतात त्या इंदूर, जयपूर, लखनौहून. बाकीची पाच कामे जुन्या ग्राहकांच्या ओळखीतून आली. इन्स्टाग्राम बंद करावे, की एखाद्या एजन्सीला महिना पंधरा हजार देऊन चालवायला द्यावे?
— एक वाचिका, चिंचवड

दोन्ही करू नये. ज्याला रील आवडेल त्याला ती दाखवत राहणे हे इन्स्टाग्रामचे काम आहे; तो माणूस लखनौचा आहे की लांडेवाडीचा, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. घराचे इंटिरियर मात्र माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करतो, आणि ते करताना काही लाखांच्या रकमेबरोबर घराची किल्लीही परक्याच्या हाती देतो. त्यामुळे रील पाहताना तो कितीही सैल असला तरी काम देताना सावध होतो आणि आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य टाकतो : ‘ट्रॉलीचे काम कोणाकडून केले, नंबर द्या.’ आपली पाचही कामे अशाच वाक्यांतून आलेली असणार. त्या वाक्यानंतर जे घडते त्यासाठी मोबाइलवरची सारी खटपट करायची असते. नंबर मिळाला की तो माणूस आपले नाव गूगलवर टाकतो. तेथे त्याला काय दिसते, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून पहिले काम गूगल बिझनेस प्रोफाइलचे, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या आपल्या व्यवसायाच्या नोंदीचे. ते विनामूल्य आहे. व्यवसाय घरूनच चालत असेल तर पत्ता न दाखवता केवळ सेवा देण्याचे भाग नोंदवता येतात, आणि असे वीस भाग देता येतात. तेथे ‘पुणे’ एवढेच लिहून न थांबता वाकड, रावेत, पुनावळे, मोशी, चिखली अशी नावे द्यावीत. स्थानिक शोधात कोणाला वर दाखवायचे हे ठरवताना शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गूगल स्वतःच सांगते. अंतर आपल्या हाती नाही, बाकीच्या दोन आहेत. नावाच्या रकान्यात मात्र कार्डावर असलेले नावच लिहावे. त्याला ‘बेस्ट इंटिरियर डिझायनर इन वाकड’ असे शेपूट जोडणे नियमाबाहेरचे आहे, आणि त्यापायी प्रोफाइल स्थगित झाली तर वर्षानुवर्षांचे अभिप्राय अडकून पडतात. पडताळणीसाठी आता बऱ्याचदा व्हिडिओ मागितला जातो. लॅमिनेटचे नमुने, अवजारे, व्यवसायाचे नाव असलेला कागद अशी दाखवण्याजोगी सामग्री आधीच हाताशी ठेवावी.

आता छायाचित्रांविषयी, आणि येथे मला थोडे कडक बोलावे लागेल. आपल्या पानावरची छायाचित्रे मी पाहिली. ती सुंदर आहेत; पण त्यांतले एकही घर कोठे आहे, केवढे आहे, किती खर्चात आणि किती दिवसांत झाले, हे कळत नाही. सोफ्यावर उशा, टीपॉयवर वाटीत लिंबे आणि खाली इंग्रजी सुविचार. एकाच छायाचित्रापाशी मी थांबलो. ते सिंकखालच्या कपाटाचे होते : दार उघडे, आत पाण्याच्या पाइपला वळसा घालून कापलेला खण, आणि कडेला कचऱ्याच्या डब्याची पुलआउट ट्रॉली. त्याखाली आपण एक अक्षरही लिहिलेले नाही. ज्यांच्या घरी सिंकखालचे प्लाय ओल लागून फुगले आहे, त्यांच्या दृष्टीने ते एक छायाचित्र आपल्या साऱ्या सोफ्यांहून मोलाचे आहे. त्याखाली साधारण असा मजकूर असावा : ‘वाकड, बारा वर्षे जुनी २ बीएचके सदनिका. स्वयंपाकघर ८ फूट बाय ७ फूट. सिंकखालचे एमआर ग्रेडचे (फक्त दमटपणा सोसणारे) प्लाय फुगले होते. आधी प्लंबरकडून गळती बंद करून घेतली, मग आयएस ७१० मानकाचे (पाण्याला टिकणारे, मरीन) प्लाय वापरले. ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या. काम १९ दिवसांचे. खर्च १ लाख ७२ हजार. त्यात ओट्याचा ग्रॅनाइट नाही.’ आकडे अर्थातच आपल्या कामाचे असावेत. यातले शेवटचे चार शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण काय धरलेले नाही हे जो आपणहून सांगतो त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. दर लिहिला की ग्राहक पळतो, अशी धास्ती या धंद्यात सर्वांना असते. पण जो पळतो तो कोटेशन हातात पडल्यावरही पळणारच होता, फक्त तोवर आपल्या दोन साइट-भेटी फुकट गेल्या असत्या.

आणखी एक सोय आपल्या भागात फार उपयोगी पडेल. महाराष्ट्रातील गृहप्रकल्पांची नोंदणी २०१७ पासून महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे होते, आणि प्रकल्प पूर्ण होण्याची प्रस्तावित तारीख, एकूण सदनिका, विकल्या गेलेल्या सदनिका ही माहिती महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. १ ऑगस्ट २०२३ पासून तर प्रकल्पाच्या जाहिरातीवरच या माहितीपर्यंत नेणारा क्यूआर कोड छापावा लागतो. रावेत-पुनावळे पट्ट्यातील कोणत्या इमारतींचा ताबा येत्या सहा-आठ महिन्यांत अपेक्षित आहे, याची यादी एका रविवारी बसून होते. तारखा पुढे सरकतात, हे धरूनच चालावे. मग त्या यादीतील एखाद्या इमारतीचा २ बीएचकेचा नकाशा घेऊन त्यातील अडचणी चार चित्रांत मांडाव्यात : फ्रिज कोठे बसणार नाही, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवल्यावर दार उघडते का, बेडरूममधील बीमखाली वॉर्डरोबचा लॉफ्ट किती उंचीचा उरतो. दसऱ्याला किंवा पाडव्याला गृहप्रवेश करायचा असे ठरवलेले कुटुंब ताब्याच्या दोन-तीन महिने आधीच शोधाला लागलेले असते, आणि आपल्याच इमारतीचा नकाशा दिसल्यावर ते रील पुढे ढकलत नाही. बिल्डरच्या कार्यालयातून सदनिकाधारकांच्या फोन क्रमांकांची यादी मिळवण्याचा मोह मात्र टाळावा. संमतीवाचून कोणाची वैयक्तिक माहिती वापरू नये, हेच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सूत्र आहे. शिवाय ज्याला सात डिझायनरांचे फोन येऊन गेले आहेत तो आठवा फोन उचलतही नाही.

एजन्सीचे पंधरा हजार सध्या वाचवावेत आणि त्यातून दर दोन महिन्यांनी पूर्ण झालेल्या एका घराचे नीट छायाचित्रण करून घ्यावे, शक्यतो कुटुंब राहायला आल्यानंतर महिनाभराने, म्हणजे देवघरात समई आणि ओट्यावर कुकर असलेले घर दिसेल.

माझे पती डिझायनर आहेत. फोन आणि हिशेब मी पाहते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर दोन महिन्यांत जीएसटीसह ४२,००० रुपये गेले. १४० जणांनी फॉर्म भरले, त्यांतून काम मिळाले ते एकच, ४ लाख ८० हजारांचे. जाहिरात बंद करावी का?
— एक वाचिका, नाशिक

आधी हिशेब करू. प्रत्येक चौकशी ३०० रुपयांना पडली. या कामात माल-मजुरी वजा जाता १५ टक्के सुटत असतील असे धरले, तर ७२,००० हाती आले आणि जाहिरातीचे ४२,००० जाऊन ३०,००० उरले. म्हणजे जाहिरात तोट्यात नाही. आपल्याला ती तोट्याची वाटते, कारण उरलेल्या १३९ जणांना आपण फोन केले आणि त्या वेळेची किंमत कोणत्याच वहीत लिहिलेली नाही. उपाय तेथे करायचा आहे.

फेसबुकच्या फॉर्ममध्ये नाव आणि क्रमांक आपोआप भरले जातात, त्यामुळे झोपण्यापूर्वी सहज अंगठा लागला तरी फॉर्म जातो आणि सकाळी आपण फोन केल्यावर समोरचा म्हणतो, ‘मी कुठे फॉर्म भरला?’ पाठवण्यापूर्वी माहिती पुन्हा तपासून पाहण्याचा टप्पा असलेला फॉर्म निवडावा आणि हाताने लिहावी लागतील अशी दोन उत्तरे मागावीत : इमारतीचे नाव व भाग, आणि ताबा कोणत्या महिन्यात आहे. तिसरा प्रश्न खर्चाच्या मर्यादेचा, त्याला पर्याय द्यावेत आणि सर्वांत खालचा पर्याय आपण घेत असलेल्या सर्वांत लहान कामाचा असावा. चौकश्या १४० वरून कदाचित ४० वर येतील आणि प्रत्येक चौकशी महाग झालेली दिसेल. त्याने घाबरू नये. जाहिरातीची हद्दही पाहावी. ती सबंध महाराष्ट्र ठेवलेली असेल, तर गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांभोवती आवळावी.

उत्तर देण्याचा वेग हा दुसरा भाग. रात्री साडेदहाला विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन गेला, तर तोवर त्याने आणखी तिघांना विचारलेले असते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो. त्यात गोड शब्दांपेक्षा ‘उद्या सकाळी ११ ते १ मध्ये फोन करू, तोवर घराचा नकाशा पाठवून ठेवावा’ एवढे असले तरी पुरते. त्याच ॲपमध्ये प्रत्येक संवादाला लेबल लावता येते. ‘चौकशी’, ‘साइट पाहिली’, ‘कोटेशन दिले’, ‘ॲडव्हान्स आला’ ही चार लेबले लावली, की माणसे नेमकी कोणत्या पायरीवर गळतात हे महिन्याभरात दिसते. कोटेशननंतर गळत असतील तर जाहिरातीला दोष देण्यात अर्थ नाही. पितृपक्षात मौन धरलेल्याला मात्र नकार समजू नये. नवरात्रात त्याला पुन्हा एक फोन करावा.

जाता जाता एक : जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. आपली जीएसटी नोंदणी असेल तर तो क्रमांक जाहिरात खात्यात भरलेला आहे ना, हे पाहावे, म्हणजे त्या कराचे क्रेडिट घेता येईल, तो आपण भरायच्या जीएसटीतून वजा होईल. आपल्या राज्यात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे, आणि वर्षात अशी पाच कामे झाली की ती ओलांडली जाते.

ज्या ग्राहकाने शेवटचा ६० हजारांचा हप्ता दिलेला नाही, त्यानेच गूगलवर आम्हाला एक तारा देऊन ‘काम उशिरा, वागणूक वाईट’ असे लिहिले आहे. मित्र म्हणतो, ओळखीच्या पंधरा जणांकडून पाच तारे घेऊन टाका.
— एक वाचक, ठाणे

मित्राचे ऐकू नये. खोटे अभिप्राय आणि काही देऊन मिळवलेले अभिप्राय, दोन्ही गूगलच्या धोरणात बसत नाहीत. शिवाय एकाच आठवड्यात आलेले पंधरा ‘अतिशय सुंदर काम’ वाचून पुढचा ग्राहक काय समजायचे ते समजतो. थकलेल्या हप्त्याचा उल्लेखही तेथे करू नये. तो विषय करारपत्र, बिले आणि गरज पडल्यास वकिलाची नोटीस यांचा आहे, चव्हाट्यावरचा नाही. उत्तर त्या ग्राहकासाठी नसून पुढे वाचणाऱ्यासाठी असते, हे लक्षात ठेवून लिहावे. उशीर खरोखर झाला असेल तर असे : ‘काम ठरल्यापेक्षा २६ दिवस उशिरा पूर्ण झाले, हे खरे आहे. मध्यंतरी शटरचे लॅमिनेट बदलायचे ठरले आणि नवा माल येण्यास वेळ लागला. त्याची कल्पना आम्ही त्याच दिवशी लेखी द्यायला हवी होती. ड्रॉवर किंवा बिजागऱ्यांची काही तक्रार उरली असेल तर कळवावे, येऊन दुरुस्त करून देऊ.’ एवढेच लिहून थांबावे. त्यावर त्याने पुन्हा काही लिहिले तरी वाद वाढवू नये.

खऱ्या ग्राहकांकडून अभिप्राय मागण्याची वेळही महत्त्वाची आहे. किल्ली परत देताना ग्राहक हिशेबाच्या विचारात असतो. पंधरा दिवसांनी बिजागऱ्या घट्ट करायला माणूस पाठवावा आणि त्याच संध्याकाळी अभिप्रायाचा दुवा पाठवावा. जो डिझायनर पैसे मिळाल्यावरही स्क्रू आवळायला येतो त्याच्याबद्दल लोक आपणहून दोन ओळी जास्त लिहितात.

मी थ्रीडी चित्रे काढून देतो, ग्राहक ती घेऊन सुताराकडे जातो आणि निम्म्या पैशांत करून घेतो. आता तर लोक एआयने केलेली चित्रे घेऊनच येतात. आमच्यासारख्यांनी करायचे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

चित्रावर आपले नाव आडवे छापून काही साधत नाही. पहिल्या भेटीत थ्रीडी देणेच बंद करावे. त्या वेळी हाताने काढलेला मांडणीचा आराखडा आणि आधी पूर्ण केलेल्या दोन घरांची छायाचित्रे पुरेशी असतात. थ्रीडी डिझाइन-शुल्क भरल्यानंतर. ते शुल्क काम मिळाल्यास अंतिम बिलातून वजा करावे, हवे तर. मापांसहित कामाची ड्रॉइंग ॲडव्हान्स आल्यावरच द्यावीत. शुल्क मागितले की निम्मे लोक परत येणार नाहीत, हे मी मान्य करतो. ते सुताराकडेच जाणारे होते, आणि चांगला सुतार असेल तर त्यात त्यांचेही काही चुकत नाही.

एआयच्या चित्राला हसू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला. ग्राहकाला काय आवडते हे त्याला शब्दांत सांगता येत नाही, ते त्या चित्रात आयतेच मिळते. त्याच्या शेजारी बसून, मोबाइल दोघांच्या मध्ये ठेवून, पेन्सिलीने कागदावर लिहीत जावे : चिमणीला धूर बाहेर नेणारा पाइप नाही, वरच्या कपाटाचे चार फुटी अखंड दार बिजागरीवर तोलणार नाही, शेगडी खिडकीखाली असल्याने ज्योत वाऱ्याने विझेल, मिक्सरसाठी एकही प्लग नाही. दहा मिनिटांत त्याला कळते की चित्र आणि घर यांच्यामध्ये एक माणूस लागतो. हा धडा मी स्वतः पैसे भरून घेतलेला आहे. माझ्या एका थ्रीडी चित्रात वॉर्डरोबचे दार मोठ्या दिमाखात उघडलेले होते. प्रत्यक्षात ते पलंगाच्या कोपऱ्याला अडकले आणि सरकते दार मला स्वखर्चाने बसवून द्यावे लागले.

आपणही एआय वापरावे, रंगसंगती सुचवायला ते सोयीचे आहे. पण प्रत्येक चित्रावर ‘संकल्पचित्र’ असे लिहावे आणि पूर्ण झालेल्या कामांच्या संग्रहात त्यांतले एकही मिसळू नये.

छायाचित्रकाराला पैसे देऊन काढून घेतलेली छायाचित्रे जाहिरातीत वापरायला तो आता वेगळे पैसे मागतो. ग्राहकाचीही परवानगी लागते का?
— एक वाचिका, रत्नागिरी

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो. मात्र उलट करार झालेला नसेल तरच. त्यामुळे त्याच्या बिलामागच्या किंवा ईमेलमधल्या अटी आधी वाचाव्यात, कारण बरेच छायाचित्रकार हक्क स्वतःकडे ठेवल्याचे तेथे लिहितात. ग्राहकाची परवानगी आपल्या कामाच्या करारपत्रातच एका ओळीत घ्यावी, म्हणजे काम संपल्यावर मिनतवारी करावी लागत नाही. परवानगी असली तरी दारावरची पाटी, सदनिकेचा क्रमांक, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो आणि विशेषतः लॉकर बसवलेला खण छायाचित्रात येऊ देऊ नये.

मी इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा केला आहे. गूगलवर जास्त लोकांना दिसावे म्हणून प्रोफाइलमध्ये ‘आर्किटेक्ट’ हा व्यवसायाचा वर्गही निवडला तर चालेल का?
— एक वाचक, अहिल्यानगर

नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येते. ‘इंटिरियर डिझायनर’ हा मुख्य वर्ग ठेवावा. स्वयंपाकघराची कामे करत असाल तर त्याचा वर्ग जोडीला घ्यावा.

मजकूर मराठीत लिहावा की इंग्रजीत? मराठीत लिहिले की काम ‘साधे’ वाटते, असे सहकारी म्हणतात.
— एक वाचिका, सांगली

सहकाऱ्यांना विचारण्यापेक्षा ग्राहक काय टाइप करतात ते पाहावे. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये कामगिरीचा अहवाल असतो, त्यात लोक कोणते शब्द शोधून आपल्यापर्यंत आले त्यांची यादी मिळते. बरेच जण मराठी शब्दही रोमन लिपीत लिहितात, तेव्हा दोन्ही रूपे वर्णनात असू द्यावीत. व्हिडिओ मात्र मराठीत बोलून करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे मुलगा-सून देत असली तरी देवघराची दिशा आणि ओट्याची उंची सासूबाईंना पटल्यावाचून सांगलीत काम पुढे सरकत नाही, आणि त्या व्हिडिओ आवाज मोठा करून पाहतात. लिखाणात ‘मॉड्युलर किचन’ म्हणावे की ‘किचन ट्रॉली’, हे त्या यादीतील दोन्ही शब्दांपुढचे आकडे पाहून ठरवावे. ‘ट्रॉली’चा आकडा मोठा निघाला, तर दुकानाच्या पाटीवरही तोच शब्द रंगवून घ्यावा.